पद्मिनीचा पितळी रेडिएटर भंगारात देण्याआधी हे करून बघा

घाटात गाडी गरम झाली की आपल्याकडे पहिला बळी रेडिएटरचा जातो. माझ्या ८६ च्या पद्मिनीचं पण तेच झालं, मे महिन्यात साताऱ्याकडे जाताना खंबाटकीत अर्ध्यावर काटा लाल पट्ट्यात, बॉनेटमधून वाफ, मागे ट्रकवाल्यांचे हॉर्न. पुण्यात परत आल्यावर गॅरेजवाला बॉनेट उघडून दोन मिनिटं बघून म्हणाला "रेडिएटर गेलाय साहेब, अॅल्युमिनियमचा नवा टाकू, जुना राहूद्या इथंच." हे जे "जुना राहूद्या इथंच" आहे ना ते नीट ऐका. जुना रेडिएटर म्हणजे कित्येक किलो पितळ आणि तांबं, आणि भंगारात त्याला काय भाव मिळतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. मी तो घरी घेऊन आलो आणि पुढचे तीन रविवार त्यात घालवले, तेच इथे लिहितोय. पद्मिनीवर लिहितोय पण ॲम्बॅसेडर, हेराल्ड, जुनी जीप, सगळ्यांना जवळपास हेच लागू आहे.

आधी थोडं गाडीबद्दल. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट अकराशे डिलाइट बनायला लागली, १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली आणि २००० च्या आसपास उत्पादन थांबलं. इंजिन १०८९ सीसी, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे). मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून कायमच्या बंद झाल्या, म्हणजे सुटे भाग देणाऱ्या गाड्याच आता रस्त्यावर नाहीत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत फिरलात तर नशिबाने एखादा मूळ रेडिएटर मिळेल पण तो पण तुमच्याइतकाच म्हातारा असणार. मग आपलाच दुरुस्त केलेला काय वाईट.

आणि तो दुरुस्त होतो हीच त्याची खासियत आहे. वरची टाकी पितळेची, खालची पितळेची, मधे पितळेच्या चपट्या नळ्या आणि त्यांच्यामधे तांब्याच्या पातळ पत्र्याच्या जाळ्या, आणि हे सगळं शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेलं. हा डाख १८३ अंशाच्या पुढे मऊ व्हायला लागतो आणि पितळ वितळायला नऊशेच्या आसपास लागतात, म्हणजे बत्ती (ज्योतीची टॉर्च) लावून टाकी उघडायची, आत साफ करायचं आणि परत डाखून बंद करायची. हल्लीच्या गाड्यांच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला हे सुख नाही, टाकी तडकली की फेका.

पण थांबा, लगेच पाना घेऊन खोलायला बसू नका. रेडिएटरच दोषी आहे का हे गाडीतच कळतं. गाडी कधी गरम होते ते आठवा. सिग्नलला उभी असताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर परत खाली येते, तर हवेचा प्रश्न आहे म्हणजे फॅन, पट्टा, जाळ्यांमधे अडकलेली माती. उलट गावात बरी चालते आणि घाटात किंवा साठ-सत्तरच्या पुढे गरम होते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये म्हणजे नळ्या तुंबल्यात नाहीतर पंप थकलाय. आणि थंड गाडी चालू करून रेडिएटरची टोपी उघडी ठेवून आत बघितलं आणि पहिल्या मिनिटभरातच बुडबुड्यांची रांग यायला लागली, थांबतच नाही, तर बहुतेक हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलंय, रेडिएटरला हात पण लावू नका. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे गेलेलं असलं तरी इंजिन तापतं, ते पण एकदा बघून घ्या, फुकट आहे.

टोपी गरम असताना उघडायची नाही. हे सगळ्यांना माहिती असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी तोंड भाजून घेतं. दाबाखाली पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही, साधारण एका पीएसआयला (हे दाबाचं माप) दीड अंश धरा, म्हणजे ७ पीएसआयच्या टोपीत ते ११० पर्यंत गुपचूप बसतं, आणि तुम्ही टोपी फिरवली की दाब गेला आणि सगळं एका झटक्यात उकळून वर. अर्धा तास चहा प्या, वरचा होज (रबरी पाइप) दाबून बघा, मऊ लागला की मग जाड फडकं टाकून उघडा.

टोपीवरच आलोय तर तिची पण तपासणी करा. तिच्यात दोन झडपा असतात, मोठी दाब सोडणारी आणि मधली छोटी, जी गाडी थंड होताना हवा आत घेते. रबर कडक झालं असेल, चिरा असतील तर नवी घ्या, तेवढ्याच आकड्याची. जुन्या टोपीवर आकडा कोरलेला असतो, "मोठ्या आकड्याची टाका म्हणजे उकळणार नाही" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, जास्तीचा दाब चाळीस वर्षांच्या डाखावरच येणारे. सकाळी बॉनेट उघडल्यावर होज चपटा झालेला दिसला तर ती मधली छोटी झडप अडकलीये.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप. बऱ्याच पद्मिनीत तो नसतोच, कारण कुठल्यातरी मेस्त्रीने ९५ साली काढून फेकलेला असतो, "आपल्याकडे कशाला लागतो" म्हणून. लागतो. नसला तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल पितं आणि ऑइलमधे चिखल होतो. असला तर स्वयंपाकघरातलं एक पातेलं (परत मिळणार नाही असं सांगून) घ्या, पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर टाका आणि गॅसवर तापवा. त्याच्यावर जो आकडा आहे, बहुतेक ८० च्या आसपास असतो, तिथे उघडायला लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशात पूर्ण उघडा. उकळत्या पाण्यात पण ढिम्म असेल तर तुमचा घाट तिथेच अडलाय.

माझ्या गाडीत पट्टा ढिला निघाला आणि टोपीचं रबर पापडासारखं. पद्मिनीत फॅन पाण्याच्या पंपावरच बसतो, म्हणजे पट्टा घसरला की हवा पण कमी आणि पाणी पण कमी, दोन्ही एकदम. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच गेला पाहिजे. पट्टा आणि टोपी बदलली, सिग्नलचा त्रास गेला, पण कात्रजचा जुना घाट चढताना काटा परत वर. म्हणजे गॅरेजवाला अर्धा बरोबर होता.

मग शेवटची गाडीतली टेस्ट. गाडी चांगली गरम करा, बंद करा, बंदच करा, फॅनजवळ हात घालताना चालू इंजिन नको. आता इन्फ्रारेड बंदूक (लांबून तापमान मोजणारी) असेल तर ती, नसेल तर हाताचा तळवा जाळीच्या जवळून वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. वर जास्त गरम आणि खाली हळूहळू कमी असं एकसारखं लागलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. बंदुकीचं एक आहे, चकचकीत उघड्या पितळेवर ती खोटं बोलते, आकडा कमी दाखवते, काळ्या रंगाच्या भागावरच धरा. माझ्याकडे उजव्या बाजूचा जवळपास एक तृतीयांश भाग थंड होता.

आता काढायचा. खाली पितळेची छोटी तोटी असते, ती उघडा, फिरत नसेल तर पक्कड लावून जोर करू नका, तुटते, सरळ खालचा होज काढा. कूलंट असेल तर ते परातीत नाहीतर टबमधे धरा आणि लगेच झाका, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, खरंच मरतात. होज चिकटला असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, आतली पितळी मान इतकी पातळ असते की वाकडी होते आणि मग कुठलीच क्लिप बसत नाही, होज ब्लेडने उभा चिरा आणि सोलून काढा, होज तसाही नवा टाकायचाय. बाजूचे बोल्ट आदल्या रात्री डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवा. उचलताना फॅन आणि जाळीच्या मधे एक पुठ्ठा सरकवा नाहीतर फॅनचं पातं जाळीवर ओरखडा काढतंच, माझ्याने काढला.

बाहेर आल्यावर आधी फक्त बघा, धुऊ नका. पितळेवर हिरवा किंवा पांढरा डाग दिसतो तिथे पाणी झिरपत होतं आणि सुकत होतं, हा रेडिएटरने स्वतःच लिहून ठेवलेला रिपोर्ट आहे. फोटो काढा. धुतलात की गेला.

मग प्रवाहाची टेस्ट, याला काहीच लागत नाही. खालचं तोंड तळहाताने बंद करा, वरून काठोकाठ भरा, उभा धरा आणि हात काढा. चांगला रेडिएटर बादली उलटी केल्यासारखा भसकन रिकामा होतो. माझा नळाला करंगळी लावल्यासारखा गळत बसला. तेव्हाच कळलं की नुसत्या धुण्याने भागणार नाही.

गळतीची टेस्ट मात्र जरा जुगाड आहे. खालच्या तोंडात रबरी बूच आणि वर क्लिप मारलेला होजचा तुकडा, वरच्या तोंडाला होजचा दुसरा तुकडा आणि त्याच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच. टोपी आपली नवी, लावलेलीच ठेवायची, म्हणजे दाब जास्त झाला तर तीच सोडेल. आता गेज असलेल्या सायकल पंपाने पाच पीएसआय, फार तर सात, बास. कॉम्प्रेसर लावू नका, मी म्हणतोय म्हणून नका लावू, पंक्चरवाल्याकडे "जरा हवा मार" म्हणून नेलेल्या रेडिएटरच्या टाक्या फुग्यासारख्या फुगलेल्या बघितल्यात मी. मग पाण्याने भरलेल्या टबात (बाळाला अंघोळ घालतात तो प्लॅस्टिकचा टब बरोबर मापाचा आहे) आडवा बुडवा. सुरुवातीला जाळ्यांमधे अडकलेली हवा निघते, ती सोडून द्या, हलवून पाच मिनिटं थांबा. त्यानंतर एकाच जागेवरून सारखे बुडबुडे येतील ते खरे. तिथे लाल दोरा बांधा, ओल्यावर मार्कर चालत नाही.

सफाई. बाहेरून पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे ज्या बाजूने किडे आणि माती आत घुसली त्याच्या उलट. साधा बागेचा पाइप, प्रेशर वॉशर नाही, जाळी कागदासारखी आडवी झोपते. झोपलेल्या जाळ्या आइसक्रीमच्या काडीने एकेक सरळ करा, कंटाळवाणं काम आहे पण रेडिओ लावून बसलं की होतं. आतून पण उलटं, पाइप खालच्या तोंडाला आणि घाण वरून बाहेर. मग क्षारांसाठी सायट्रिक अॅसिड म्हणजे आपलं लिंबूसत्व, लिटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास, कडक गरम पाण्यात, दोन-तीन तास आत ठेवा, मधे मधे हलवा, ओतून टाका, खायच्या सोड्याच्या पाण्याने विसळा आणि परत साध्या पाण्याने. रात्रभर नको. बाथरूम साफ करायचं अॅसिड तर अजिबात नको, ते हायड्रोक्लोरिक असतं, क्षाराबरोबर डाख आणि पितळ पण खातं. रेडिएटरच्या दुकानात कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत बुडवतात, रंग आणि तेलकट घाण निघायला ते उत्तम आहे, पण फक्त सुट्या पितळी रेडिएटरला. कोणी म्हणालं की गाडीतच कॉस्टिक टाकून फिरवू, तर आठवा हेड अॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक ते कुरतडतं.

लिंबूसत्वाने माझा थोडा सुधारला, पण थोडाच. चाळीस वर्षं बोअरचं पाणी प्यायलेल्या नळ्या अशा सुटत नाहीत. त्याला रॉडिंग लागतं आणि ते घरी करायचं काम नाही, पितळी काम करणारा जुना रेडिएटरवाला शोधा. असे लोक कमी होत चाललेत, ट्रक-ट्रॅक्टरची कामं जिथे होतात त्या भागात विचारा, गाड्यांच्या चकाचक शोरूमच्या बाजूला नाही. आणि टाकून येऊ नका, समोर बसा. सांगायचं एवढंच, वरची टाकी उघडा, एकेका नळीत रॉड मारा, टाक्या आणि बाजूच्या पट्ट्या मूळच्याच ठेवा. मला मिळालेले चाचा पासष्टीचे असतील, बत्तीने कड तापवत गेले आणि पाच मिनिटांत टाकी डब्याच्या झाकणासारखी वेगळी. आत बघितलं तर नळ्यांची तोंडं चुन्याने लिंपल्यासारखी. मग लांब चपटी पोलादी पट्टी, कारण नळ्या चपट्या असतात, प्रत्येक नळीत वरून घालून खालून बाहेर. गंजाचा लाल चिखल आणि पांढऱ्या खपल्या मिळून अर्धा तांब्या भरेल एवढं निघालं. इंजिनच्या बिडाचा गंज पण इथेच येऊन बसतो, त्यामुळे रेडिएटर बाहेर आहे तोवर ब्लॉकमधून पण पाणी मारून घ्या, नाहीतर साफ केलेल्या नळ्यांत सहा महिन्यांत तोच चिखल.

एखादी नळीच फुटलेली असेल तर ती दोन्ही टोकांना डाखून बंद करतात, एक-दोन नळ्यांनी काही बिघडत नाही. त्यापेक्षा जास्त गेल्या असतील किंवा जाळ्या हात लावला की भुगा होत असतील तर मधला गाभा नवा टाकायचा आणि टाक्या आपल्याच. त्या वेळी नळ्यांच्या रांगा किती आहेत ते मोजून सांगा, तेवढ्याच पाहिजेत. "एक रांग जास्त टाकतो, एकदम थंड" म्हणतील पण जाडी वाढली की फॅनला घासतो, जागा मोजल्याशिवाय हो म्हणू नका.

टाकीवरचं बारीक छिद्र मात्र घरी बुजवता येतं, हात बसलेला असेल तर. लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवतो का, भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं, फस्सकन धूर आणि पातेलं चांदीसारखं. तत्त्व तेच आहे. आधी पितळ पॉलिश पेपरने इतकं घासा की पिवळंधमक दिसेल, कारण मळावर डाख बसत नाही, नुसता गोळा होऊन घरंगळतो. मग फ्लक्स (डाख नीट बसावा म्हणून लावतात ते), मग बत्तीची मऊ ज्योत पितळेवर, डाखाच्या कांडीवर नाही. पितळ तापलं की कांडी टेकवल्या टेकवल्या डाख स्वतःच पसरतो. बाजूच्या सांध्यांवर ओलं फडकं गुंडाळा नाहीतर एक छिद्र बुजवताना शेजारची कड सुटते. शिशाचा धूर आहे, मोकळ्या हवेत करा, पोरं लांब, नंतर हात साबणाने. झाल्यावर सोड्याच्या पाण्याने फ्लक्स धुवा, तो राहिला तर हळूहळू पितळ खातो. एमसील लावून आलेला रेडिएटर बघितला की चाचा डोक्यावर हात मारतात, कारण ते खरवडून काढायलाच अर्धा दिवस जातो.

त्यानंतर टबात परत तीच बुडबुड्यांची टेस्ट, दुकानात केली असली तरी घरी स्वतः.

रंग, अगदी पातळ, मॅट काळा, स्प्रेने, जाळीवर नुसता हात फिरवल्यासारखा. जाड थर म्हणजे रेडिएटरला स्वेटर. आणि पावडर कोटिंग करायला देऊ नका, ते भट्टीत १८०-२०० अंशाला पकवतात आणि आपला डाख कितीला मऊ होतो ते वर लिहिलंय. भट्टीतून टाक्या वेगळ्या आणि गाभा वेगळा येईल, रंग मात्र झकास असेल.

बसवताना होज नवे, क्लिपा नव्या, खालचे रबरी वॉशर नवे, ते नसले तर गाडीचे सगळे धक्के थेट सांध्यांवर. पाणी डिस्टिल्ड, बॅटरीचं मिळतं ते, आणि कूलंट जुन्या पद्धतीचं, पितळ आणि डाखाला चालतं असं डब्यावर बघून, नुसत्या रंगावर जाऊ नका कारण रंग प्रत्येक कंपनी आपापला टाकते. तीस टक्के पण पुरे आपल्या हवेत, आपल्याला बर्फाची भीती नाही, गंजाची आहे. आणि गळती थांबवायला हळद टाकायचा जो उपाय आहे, तो रात्री रस्त्यात अडकलात तर ठीक, घरी पोचवतो, पण ती हळद छिद्राबरोबर बारीक नळ्या पण बुजवते. चाचांच्या म्हणण्यानुसार त्यांचं निम्मं दुकान हळदीवर चाललं.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा म्हणजे हवा वर येईल, टोपी उघडी ठेवून इंजिन सावकाश चालू द्या, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा. पण काठोकाठ नाही, मानेच्या साधारण इंचभर खाली. जुन्या गाडीला जास्तीचं पाणी धरणारी बाटली नसते, पाणी तापून फुगलं की जास्तीचं ती नळीतून बाहेर टाकते, लोक परत काठोकाठ भरतात, ती परत टाकते आणि मग "अजून गळतोय" म्हणून रेडिएटर परत दुकानात. जेवढं ठेवायचं तेवढं ती स्वतः ठेवते.

पहिल्या गरम-थंड फेरीनंतर क्लिपा परत अर्धा आटा आवळा, नवं रबर बसतं आणि ढिलं होतं. मी हे विसरलो, त्यामुळे नंतरच्या रविवारी खंबाटकी काटा मधेच ठेवून मस्त चढून गेलो आणि वाईला मिसळ खाऊन बाहेर आलो तर गाडीखाली हिरवं थारोळं, खालच्या होजची क्लिप.

(पाच मिनिटांचं काम, डिकीत स्क्रूड्रायव्हर आणि दोन लिटर पाणी ठेवत जा.)